सुरूच्या बनातला कॅमेरा

हे मी बायकोला सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट माहीत नाही.

माझे सिनेमे पाहिलेले लोक एकच विचारतात. एका चेहऱ्यावर इतका वेळ थांबायला कुठे शिकलात? मीही दर वेळी तेच उत्तर देतो. माझे वडील पेणला गणपतींचे डोळे आखायचे. बाकी रंगकाम कुणीही करी, डोळे मात्र शेवटी, आणि त्यांच्याच हातून. ब्रश टेकला की ते श्वास रोखून धरत, आणि आम्ही पोरांनी तोंड उघडायचं नाही. तिथे शिकलो, असं मी सांगतो. उत्तर खोटं नाही. पण मी त्याच्या आड लपतोय, बरीच वर्षं.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. जुना, चावीचा कॅमेरा घेऊन मी मुरूडजवळच्या एका कोळीवाड्यात जाऊन राहिलो. ना नट, ना संवाद. कुणाला काही करायला सांगायचं नाही, घडेल ते टिपायचं – केवढा तोरा होता मला त्याचा! चांगुणा आणि तिचा नवरा धर्मा यांच्या पडवीत मी झोपायचो, तिच्या हातचं जेवायचो. ती मला भाऊ म्हणायची.

मग वादळ झालं. धर्माची होडी परतली नाही. तिसऱ्या दिवशी मी फिल्मचं पार्सल आणायला आगरदांड्याला गेलो, तर धक्क्यावर दिघीहून आलेल्या एका होडीच्या तांडेलाने मला हाक मारली. धर्माच्या होडीचं सुकाणू मोडलंय, होडी दिघीच्या खाडीत आहे, सगळे सुखरूप, उद्याच्या भरतीला येतील – घरी सांग. मी पळत सुटलो. अर्धी वाट पळालो, अर्धी बैलगाडीतून. तेव्हा मी खरंच पळत होतो.

सुरूच्या बनातून किनारा दिसला आणि पाय थांबले. कॅमेरा नेहमीसारखा खांद्याला होता. धर्माच्या होडीचं मोडकं सुकाणू वाहत येऊन वाळूला लागलं होतं. भोवती बायका उभ्या होत्या, ऊन उतरलं होतं, आणि चांगुणा पाण्याच्या कडेला एकटी. काय चेहरा होता तो! निरोप ऐकला की तो चेहरा जाणार – कळतंय ना तुम्हाला? मी स्वतःशी म्हणालो, एक चावी. एकदा चावी दिली की कॅमेरा अर्धा मिनिट चालतो. अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं?

मी सहा वेळा चावी दिली.

दर वेळी हाक मारता आली असती. पाचव्या वेळी तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. त्या वाड्यात कोळणीच्या उजव्या हातात काचेच्या बांगड्या नसत. त्या लग्नातच दर्याला दिलेल्या असत, धन्याची राखण करायला. डाव्या हातातल्या त्याच्या नावाच्या. त्या उतरल्या म्हणजे तो गेला. हे मला तिनेच सांगितलं होतं. एकेक करून तिने त्या पाण्यात टाकल्या. आणि मी काय केलं? श्वास रोखला. चित्र हलू नये म्हणून.

फिल्म संपली. कॅमेरा झुडपात ठेवून मी धापा टाकत वाळूवर धावलो. ती धाप खोटी होती. कुणाला कधी अभिनय करायला न सांगणाऱ्या माणसाने तो त्या दिवशी स्वतः केला. निरोप ऐकून बायका रडल्या, हसल्या, माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवले. चांगुणा उघडं मनगट धरून उभी होती.

"कवा कललं, भाऊ?"

"आत्ताच," मी म्हणालो. "तसाच पळत आलो."

धर्मा दुसऱ्या दिवशी आला. पण जित्या नवऱ्याच्या बांगड्या तिने उतरवल्या हे वाडा विसरला नाही. नारळी पौर्णिमेला सुवासिनी दर्याकडे निघाल्या तेव्हा सासूने तिला दारातच थांबवलं. पुढच्याही वर्षी. हिला घटकाभर धीर धरवला नाही, असं सगळे बोलत. तिलाही ते पटलं होतं. मी पडवीत बसून ऐकत होतो.

सिनेमा मुंबईत गाजला, तो त्याच दृश्यामुळे. आमचा सिनेमा आम्हाला कधी दाखवणार, असं वाड्यातले विचारत. मी वीज नाही, मशीन नाही, अशी टोलवाटोलवी केली. काही वर्षांनी वीज आली आणि शाळेतल्या मास्तरांनी परस्पर प्रत आणि मशीन मागवलं. खिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी खेळ झाला. चांगुणा नवं लुगडं नेसून पुढे बसली होती, मी मागे भिंतीशी. पडद्यावर तिचा हात मनगटाकडे गेला. मी तेव्हा तिथेच होतो हे कळून ती आता वळेल, मला वाटलं. ती वळली नाही. शेवटपर्यंत बघत राहिली.

बाहेर ती माझ्यापाशी थांबली. सासू होती, धर्मा होता, अख्खा वाडा होता. माझ्याकडे न बघता तिने पदर सारखा केला.

"भाऊ, तुला तवा आताच कललं व्हतं ना?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. तिच्यावरचा डाग तिथल्या तिथे माझ्यावर आला असता.

मी हो म्हणालो.