मांडवलीबाईंची लेक

शाळेत त्यांना मांडवलीबाई म्हणत. शिकवायच्या भूगोल, पण पोरांमध्ये जुंपली की मुख्याध्यापक त्यांनाच बोलावणं धाडत. बाई दोघांना समोरासमोर उभं करत, "झालं गेलं विसरा, हात मिळवा" म्हणत आणि प्रकरण चुटकीसरशी मिटे.

त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाहतात तर त्यांचीच लेक मान खाली घालून उभी. दहावीतली. समोर तिच्या वर्गातली मुलगी, उजवा हात प्लास्टरमध्ये. काल ही जिन्यात पाय घसरून पडली, असंच सगळे समजत होते. आज तिनं सांगितलं, बाईंच्या लेकीनं ढकललं म्हणून.

"हिला शाळेतून काढा," मुलीचे वडील कडाडले. "आणि बाई, तुम्ही मध्ये पडू नका. पोटची पोर आहे तुमची."

बाई दोन पावलं मागे सरल्या. "खरंय. आज मी फक्त आई आहे. ग्रंथपालबाईंना बोलवा, त्या दोघींचं ऐकून घेतील."

ग्रंथपालबाईंनी येऊन दार लोटलं. "एकेकीनं बोलायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, पालकांनीसुद्धा."

मग लेक एकदम फुटली, "ही रोज आईची नक्कल करते. 'हात मिळवा, बाळांनोऽ' सगळा वर्ग खिदळतो!"

"करते," ती मुलगी म्हणाली. "आठवीत तिघींनी मला बाथरूममध्ये कोंडलं होतं. बाईंनी त्यांच्याशीच हात मिळवायला लावला. काय झालं, हे विचारलंसुद्धा नाही."

"घरी का नाही बोललीस?" वडील उसळले. ग्रंथपालबाईंनी नुसतं पाहिलं, ते गप्प बसले.

बाईंचा चेहरा उतरला होता. "चुकलंच माझं. आता सांगशील, काय झालं होतं?"

तिनं सगळं सांगितलं, अडखळत. तासाची घंटा झाली, कुणी हललं नाही.

"आता तुला काय हवंय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मी घसरले नव्हते, हे तिनं वर्गासमोर सांगावं."

लेक पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "सांगेन. पण नक्कल बंद कर."

"करेन."

"मला हे पटलेलं नाही," वडील पुटपुटले, "पण माझ्या पोरीला चालत असेल तर..."

दुसऱ्या दिवशी लेक फळ्यापाशी उभी राहून बोलली. मैत्री काही झाली नाही. दोघी लांबलांबच्या बाकांवर बसतात. आठवीत कोंडणाऱ्या त्या तिघींपैकी एक शाळा सोडून गेली. उरलेल्या दोघींना बाईंनी ग्रंथालयात बोलावलंय.