चुकीवर एक आडवी रेघ

आमच्या सोसायटीच्या फळ्यावरचा चुकलेला आकडा काका कधी पुसत नसत. त्यावर खडूने एक आडवी रेघ मारायचे, शेजारी बरोबर आकडा लिहायचे आणि दोन पावलं मागे सरून बघायचे. मला म्हणायचे, "पुसायचं नाही, सेक्रेटरीबाई. चूक दिसली पाहिजे. जर्नलचा नियम आहे."

स्वतःचं जर्नल त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या, बर्नर पेटवून दिले, मुलांच्या जर्नलांचे गठ्ठे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. शाळेच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक वाचायचं कामही त्यांच्याकडेच, कारण भर पावसात गच्चीवर जायला दुसरं कुणी तयार नसायचं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल-नारळ दिला. पावसाच्या वह्या मात्र काकांनी मागून घेतल्या. त्या रद्दीतच जाणार होत्या.

वसईत, पापडी गावात, आमच्या इमारतीमागे त्यांची वाडी. वाडी आणि इमारत यांच्यामध्ये बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खोदलेलं तळं. बावखल त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. भावाशी ते घरच्या बोलीत भांडत. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण विषय कळायचा. भावाला बावखल बुजवायचं होतं.

त्याला निमित्त आमच्याच सोसायटीने पुरवलं. आदल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या सावंतबाईंच्या घरात पाणी शिरलं आणि त्यांचा फ्रीज गेला. पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. हवामान बदलतंय हे सगळं परदेशी थोतांड आहे, वसई बुडते ती बावखलं भरून वाहतात म्हणून, ती बुजवा, असं शास्त्रज्ञांनी सांगितलंय. कुठल्या शास्त्रज्ञांनी, ते नव्हतं. मेसेज सावंतबाईंनी पाठवला होता, आणि त्याखाली बावीस अंगठे उमटले होते. त्यातला एक माझा. खोटं कशाला बोलू?

संक्रांतीच्या सुमारास मीटिंग भरली. बावखल बुजवा, सोसायटीची हरकत नाही, असं पत्र थोरल्या भावाला द्यायचं ठरलं. सेक्रेटरी म्हणून मसुदा मीच केला होता. तेवढ्यात काका न बोलावता आले. हातात बांबूची काठी, तिला शिंप्याची टेप चिकटवलेली.

"बावखल भरून वाहतं, हे मोजलंय कुणी?"

"मोजायचं काय त्यात?" सावंतबाई उसळल्या. "माझा फ्रीज तरंगत होता, काका! तुमची काठी नव्हती तिथे."

"तेच माझं चुकलं," काका म्हणाले. "यंदा असेल. एक पावसाळा द्या."

मग त्यांनी शाळेच्या वह्या काढल्या. हवामान, पृथ्वी, ध्रुवावरचं बर्फ, कशाचंही नाव घेतलं नाही. वेगवेगळ्या सालांचा जुलै उघडून दाखवला, शाळेच्या गच्चीवरचा. "एका पावसावरून काही ठरत नाही. पण हे बघा, पूर्वी जो पाऊस दिवसभर पडायचा, तो हल्ली दोन तासांत उरकतो. पाण्याला कुठेतरी थांबायला जागा पाहिजे ना, बाई?"

शेवटी ठरलं असं: पत्र पावसाळाभर माझ्याकडे राहील. गेटात पाणी आलं, तर दुसऱ्या दिवशी जाईल. काकांनी मान्य केलं आणि जिन्याखालच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: यंदा गेटात पाणी येणार नाही. माणूस सरळ होता, पण हे जरा जास्तच झालं, असं मला तेव्हाच वाटलं.

त्या वर्षी हळदीकुंकवाला मी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले नाहीत. काकांनी शिकवल्याप्रमाणे बाटल्या कापल्या, वरचा भाग उलटा बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली आणि पावसाच्या बाटल्या वाटल्या. स्वस्तात पडलं. बायका हसल्या, पण जूनमध्ये प्रत्येकीच्या खिडकीत बाटली होती आणि फळ्यावर आकड्यांवरून भांडणं होती. "दोन नंबरवालीची बाटली तुळशीखाली आहे हो, तिचा धरू नका!"

जुलैत एका सकाळी पावसाने दोन तासांत बाटल्या भरल्या, आणि गेटातून पाणी आत आलं. सावंतबाईंच्या उंबऱ्याला लागलं. त्या गाऊनवरच छत्री घेऊन काकांच्या दारात. मी मागोमाग.

"चला! दाखवा तुमची काठी!"

आम्ही तिघं बावखलाच्या काठावर गेलो. काकांनी काठी बुडवली. पाणी काठाच्या वीतभर खाली होतं. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाचं सगळं पाणी खळाळत त्यात उतरत होतं. सावंतबाईंनी वाकून ते कुठून येतंय ते पाहिलं.

"म्हणजे हे इथून येत नाही?"

"इथे जातंय."

"आणि बुजवलं असतं तर?"

"तर हेसुद्धा तुमच्या स्वयंपाकघरात आलं असतं."

मला वाटलं, आता काका जिंकल्यासारखे हसतील. पण ते फळ्याकडे गेले. भिजल्या हाताने खडू धरवेना, तरी स्वतःच्या मोठ्या अक्षरांवर त्यांनी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: पाणी आलं. पुढचा रस्ता उंच झालाय, हे मी धरलं नव्हतं.

"सेक्रेटरीबाई, ठरल्याप्रमाणे पत्र पाठवा," म्हणाले.

मी सावंतबाईंकडे बघितलं. पाणी त्यांच्या दारात होतं.

"कशाला पाठवायचं?" त्या म्हणाल्या. "चुकलो म्हणणारा एवढा एकच माणूस भेटलाय. त्याचं ऐकू या."

ते पत्र माझ्या फायलीत आहे, आडव्या रेघेसह. गेटाला आम्ही सिमेंटचा चढ करून घेतला, गटारावरच्या लाद्या उचलून गाळ काढला. पुढच्या पावसाळ्यात उंबरा कोरडा राहिला. थोरल्या भावाने बावखल बुजवलं नाही. आता सोसायटीचीच हरकत आहे म्हटल्यावर त्याचाही उत्साह ओसरला.

काका गेल्या माघात गेले. काठी त्यांच्या बायकोने सावंतबाईंना दिली, मला नाही. योग्यच केलं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

परवा ग्रुपवर मेसेज आला: सोमवारच्या भरतीला समुद्र वसई गिळणार, घरं सोडा. पाठवणाऱ्या सावंतबाईच. मी चिडून फोन उचलला. खिडकीतून खाली पाहिलं, तर त्या काठी घेऊन बावखलाकडे निघाल्या होत्या.

अर्ध्या तासाने तोच मेसेज पुन्हा आला. त्यांनी तो पुसला नव्हता. प्रत्येक ओळीवर आडवी रेघ होती, आणि खाली लिहिलं होतं: न मोजता पाठवला. पाणी काठाच्या पाच वीत खाली. सोमवारी भरतीच्या वेळी परत मोजते, कुणाला यायचं असेल तर या.

सोमवारी आम्ही अकराजणी काठावर होतो.