सुटला तो सुटला

दगड कुठे पडणार, हे आत्या तो सुटायच्या आधीच सांगायची. वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या आमच्या गावात भात पिकायला लागलं की ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहायची. गोफण गरगरा फिरवायची, एक दोरी सोडायची आणि दगड थेट पाखरांच्या थव्याशेजारी. थवा उडायचा, पण पाखरू मात्र एकही मरायचं नाही. सगळं गाव तिला गोफणवाली म्हणायचं.

मी पहिल्यांदा गोफण फिरवली तेव्हा दगड आणखी पुढे जावा म्हणून मीच मान ताणत होते. ती हसली. "आता मान ताणून काय व्हनार गो? सुटला तो सुटला. सुटताना दिलास तेवढाच वेग त्याचा. वाटंत कुनी ढकलनार नाय त्याला."

तिने पावलं मोजून एक हिशोबही बसवला होता. "वेग दुप्पट केलास, तर दगड दुप्पट नाय, चौपट लांब जातो." पेणच्या कॉलेजात सरांनी वेगाच्या वर्गाचं सूत्र फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी धावत घरी येऊन तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बरं झालं. सरांना पन कललं."

एका पावसाळ्यात भरतीने बांध फुटला. बांध बुजवायला गेलेला शेजारचा सुनील पलीकडच्या तुटक्या तुकड्यावर अडकला. मधून पाणी उसळत होतं आणि त्याच्या पायाखालची माती सुटत होती. माणसांनी फेकलेला जाड दोर भिजून अर्ध्यातच पडत होता. आत्याने दगडाला जाळ्याची बारीक दोरी बांधली. पहिला दगड पाण्यात गेला.

"दोरी मागं खेचते त्याला," ती म्हणाली. "जास्त वेग पायजे."

तिने पदर खोचला. या वेळी गोफण एवढ्या जोरात फिरली की मला दिसेनाशी झाली. दगड सुनीलच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि दोरी त्याच्या अंगावर पडली. तिच्या दुसऱ्या टोकाला आम्ही बांधलेला जाड दोर त्याने ओढून घेतला आणि कमरेला बांधला. आम्ही त्याला खेचून काढलं.

त्या दिवशी तिचा खांदा निखळला, तो पुन्हा नीट झाला नाही. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, त्याच वर्षी ती गेली. सुनील डोलवीच्या कारखान्यातून, शिफ्ट अर्धी टाकून, कंपनीच्या बुटांनिशी आला. तिरडीला त्याने खांदा दिला आणि स्मशानापर्यंत कुणालाही तो बदलू दिला नाही.