कोणत्याच यादीत नसलेला अध्यक्ष

"काका, बाबा गेले..." शांतवनची मुलगी रूथ फोनवर एवढे बोलून थांबली. मग तिने पुढचे वाक्य सांगितले. "अन् चर्च उघडून नाही राहिले हे लोक."

पहिल्या वाक्यासाठी मनाची थोडी तयारी होती. शांतवन तायडे वर्षभर दम्याने जेरीस आला होता आणि गेल्या भेटीत फाटकापर्यंत पोचवायला येतानाही दोनदा थांबला होता. दुसऱ्या वाक्याची तयारी नव्हती. काही आठवडे उलटून गेले, तरी ती झालेली नाही. हा लेख त्या दुसऱ्या वाक्यामुळे लिहीत आहे.

शांतवन अकोला-अकोट रस्त्यावरच्या एका गावात शाळामास्तर होता. गावाचे नाव लिहीत नाही. तेथील माणसे माझ्या पत्रांना अजून उत्तरे देतात, आणि जो उत्तर देतो त्याची वर्तमानपत्रात नाचक्की करू नये, एवढी सभ्यता मी पाळतो. मी अमरावतीचा दिवाणी वकील, जन्माने व निष्ठेने बौद्ध. अकोल्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. त्यानंतर तीसएक वर्षे आमचा संबंध लग्नपत्रिकांपुरता उरला होता. मग एका दुपारी तो माझ्या कार्यालयात आला, पंख्याखाली बसून घाम पुसला आणि म्हणाला, "वकीला, तुले एक घटना लिहायची हाये. देशाची नाही, भिऊ नको. एका चर्चची."

गावात ख्रिस्ती लोकांच्या दोन मंडळ्या होत्या. एकीत बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात पूर्ण बुडवतात, दुसरीत तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. गावाने त्यांना बुडवणारे आणि शिंपडणारे अशी नावे ठेवली होती आणि त्यांनीही ती हसत स्वीकारली होती. बुडवणाऱ्यांचे चर्च रस्ता रुंद करताना पाडले गेले. शिंपडणाऱ्यांचे चर्च उभे होते, परंतु माणसे इतकी कमी झाली होती की छत गळू लागले तरी डागडुजी करायला कोणी उरले नव्हते. दोघांनी एकच इमारत वापरावी, हे शांतवनच्या मनाने घेतले. तो स्वतः शिंपडणाऱ्यांचा. नुसत्या प्रेमावर हे टिकणार नाही, कागद लागेल, हेही त्यालाच आधी कळले. आमच्याकडे एका विहारावर दोन समित्या बसलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून मला त्याचे हसू आले नाही. मी हो म्हटले.

त्या कागदाला आम्हाला वर्षे लागली. आता तो पुन्हा वाचतो तेव्हा प्रत्येक कलमामागे एकेक संध्याकाळ दिसते. बाप्तिस्म्याचा हौद इमारतीत नको, असे एकांचे म्हणणे. हौदाशिवाय आम्ही येणार नाही, असे दुसऱ्यांचे. शेवटी तो बाहेर, कडुनिंबाखाली बांधायचा आणि एरवी झाकून ठेवायचा, असे ठरले. प्रभुभोजनाच्या विधीतला द्राक्षरस एकाच पेल्यातून की लहान लहान पेल्यांतून, यावर दोन्ही पंचकमिट्या एकदा उठून गेल्या. पाटीवर कोणाचे नाव आधी, यावर तर भर सभेत एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "आमची इमारत, अन् आमीच खाली? हे कोन्या शास्त्रात हाये?" शांतवन शांतपणे म्हणाला, "भाऊ, पाटी पंख्याले बांधू. फिरत राहीन. ज्याच्या नशिबात जे नाव, त्यानं ते वाचावं." पंच हसले. फाटकाच्या दोन खांबांवर दोन पाट्या, हे कलम त्या हसण्यातून निघाले.

तंटा झाला तर निकाल द्यायला एक अध्यक्ष हवा होता. दोन्ही मंडळ्यांनी त्याबाबत एकच अट घातली, आणि त्यांचे इतक्या लवकर एकमत झालेले हे एवढेच कलम: अध्यक्ष विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, असावा, परंतु दोन्हींपैकी कोणत्याही मंडळीच्या सभासद-यादीत नसावा. असा माणूस गावात नव्हता. बाहेरचा कोणी येईना. तेव्हा शांतवनने आपल्या मंडळीला चार ओळी लिहून स्वतःचे नाव यादीतून कमी करून घेतले. ज्या मंडळीने त्याच्या कपाळावर पाणी शिंपडले, ज्या मंडळीत त्याचे लग्न लागले, तिच्या यादीतून.

मी भांडलो. म्हणालो, "शांतवन, कायद्यापुढे माणसाला पत्ता लागतो."

"पत्ता हाये ना. चर्चच्या भिंतीले लागून माहं घर."

"मी गंमत करत नाही."

"मीबी नाही करत," तो म्हणाला. "दोघांनाबी वाटलं पायजे का हा आपला नाही. तवाच ते माहं ऐकतीन."

आणि त्यांनी ऐकले, हे मी नाकारणार नाही. नाताळची सकाळ कोणाची, लग्नाच्या तारखा एकाच दिवशी आल्या तर काय, हौदाची किल्ली कोणाकडे... त्याने दिलेला एकही निकाल कोणी मोडला नाही. मात्र त्या निकालांची किंमत तो कोठे चुकती करत होता, ते मला त्याच्या बायकोकडून, सुमतीवहिनींकडून कळले. दोन्ही मंडळ्यांत प्रभुभोजनाची भाकरी व द्राक्षरस फक्त यादीतल्या सभासदांना. शांतवन दोन्ही उपासनांना सर्वांत मागे बसे आणि दोन्हीकडे भाकरीचे ताट त्याच्यासमोरून पुढे जाई. वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "आधी दोन चर्च होते, त एका ठिकाणी तरी जेवत होते. आता दोन्हीकडे उपाशी. विचारा तुमच्या अध्यक्षायले." शांतवन कपात फुंकर घालत म्हणाला, "वाढपी मागूनच जेवते." वहिनी हसल्या नाहीत.

रूथचा फोन आला त्या दिवशी मी दर्यापूरमार्गे एसटीने पोचलो तेव्हा शवपेटी चर्चच्या आवारात, हौदाजवळ, दोन स्टुलांवर ठेवलेली होती. दोन्ही मंडळ्यांतली झाडून सारी माणसे आवारात उभी होती आणि सगळी रडत होती. एकच गीत दोन्हीकडच्यांना पाठ होते, ते सगळे एका सुरात म्हणत होते. आणि त्यांच्या पाठीमागे चर्चचे दार बंद होते.

घटनेतले कलम असे: अंत्यविधीसाठी चर्च उघडण्याची अनुमती मयत ज्या मंडळीचा सभासद असेल तिच्या पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, द्यावी, शंका उद्भवल्यास अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील. मयत कोणाचाच सभासद नव्हता. शंका उद्भवली होती. आणि अध्यक्ष पेटीत होते.

मी दोन्ही चिटणिसांना बाजूला घेतले. शिंपडणाऱ्यांचे चिटणीस शांतवनचे जुने विद्यार्थी. त्यांचे डोळे सुजले होते. ते म्हणाले, "साहेब, मास्तर आमचेच. पन आमी आज तसं म्हटलं, त उद्या हे म्हणतीन का इतके वर्षं निकाल देनारा माणूस आतून तुमचाच होता. मंग मास्तरचे सारे निकाल खोटे पडतीन."

बुडवणाऱ्यांचे चिटणीस मान हलवत म्हणाले, "अन् आमी उघडलं, त हे म्हणतीन आमी मास्तर पळवले."

"दोघे मिळून उघडा. जबाबदारी माझी."

"वकीलसाहेब," पहिले म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात उपहासाचा लवलेश नव्हता, "कागद तुमीच केला. मास्तरनं आमाले शिकवलं का कागद मोडायचा नाही. आज त्याच्याच दिवशी मोडू?"

चाळीस वर्षांच्या वकिलीत मी लबाडीशी भांडलो आहे. लबाडीत धरायला कोठेतरी टोक असते. येथे टोकच नव्हते. ही माणसे त्याचा द्वेष करत असती तर मी दार तोडले असते. ती त्याचा मान राखत होती, आणि त्या मानापायी त्याला दाराबाहेर ठेवून उभी होती. कोणत्याही कलमाने त्यांचे हात बांधलेले नव्हते. कोणाचे तरी प्रेत आहे एवढे ओळखण्यासाठी कागद लागत नाही. हे मी मोठ्याने बोललो. माना खाली गेल्या, दार मात्र उघडले नाही. रूथने तिच्या बापाचे पवित्र शास्त्र माझ्या हातात दिले. "काका, कोनी पाळक पुढं होत नाही. तुमीच वाचा." मी म्हणालो, "अगं, मी बौद्ध." ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते. तुमच्यावर कोनाचा दावा नाही." मी खुणेची फीत होती तेथून वाचले. काय वाचले ते आठवत नाही.

त्यानंतर मी दोन्ही पंचकमिट्यांना पत्रे लिहिली. कठोर लिहिली, त्याबद्दल दिलगीर नाही. उत्तरे वेळेवर आणि नम्र आली. कलमात दुरुस्ती व्हावी हे दोघांना मान्य आहे. दुरुस्तीसाठी संयुक्त सभा हवी. संयुक्त सभा अध्यक्षच बोलावू शकतात. नवा अध्यक्ष हवा, आणि तो कोणत्याही यादीत नसावा... मास्तरची पेटी हौदाशेजारी पाहिल्यावर त्या गावात आपले नाव कोण कमी करून घेईल? शिंपडणाऱ्यांच्या चिटणिसांनी पत्राखाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली होती: "साहेब, माझ्या घरचे म्हणतात, मेल्यावर तरी छत पाहिजे." ज्या कागदासाठी त्याने आपली मंडळी सोडली, तो कागद त्याच्यामागे उभा राहू शकत नाही. त्याला कोणी मोडलेले नाही. तो पाळला जात आहे, आणि पाळता पाळता निर्जीव होत आहे.

गेल्या रविवारी सुमतीवहिनींना भेटायला गेलो. सकाळची शिंपडणाऱ्यांची उपासना नुकतीच संपली होती. ते बाकांवर बसतात. बुडवणारे सतरंजीवर, खाली. मधल्या वेळात बाके भिंतीशी कोणी न्यायची, हे आमच्या घटनेत नाही. सुचलेच नव्हते, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. वहिनी म्हणाल्या, "हेच सरकवत असतीन. मधल्या वेळात आत जात. मले वाटे, झाडून काढते मानूस." त्या दिवशी बाके मध्येच होती. बुडवणाऱ्यांनी बाहेर ओसरीवर सतरंजी अंथरली आणि उपासना तेथेच सुरू केली. तक्रार कोणाचीच नव्हती.

मी आत गेलो. जुनी सागवानी बाके, माझ्याने एक टोक जेमतेम बोटभर हलले. मग खाली पाहिले. शहाबादी फरशीवर प्रत्येक बाकाच्या पायापासून भिंतीपर्यंत पांढुरके ओरखडे होते, अर्धवट गोल, एकापुढे एक... एकट्याने आधी एक टोक ओढायचे, मग दुसऱ्या टोकाकडे जाऊन ते ओढायचे, दम घ्यायचा, पुन्हा पहिले. बाहेर गीत चालू होते. ओरखडे भिंतीपाशी जाऊन थांबत होते, आणि तेथून तसेच परत येत होते.