भावाची दाढी आणि आईचा श्रावण

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी खराडीच्या ऑफिसात आम्ही एका दाढीवर खूप हसलो. तेव्हापासून जी बेचैनी लागली ती आत्ता कुठे जरा उतरतेय... म्हणून लिहून टाकते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. सध्याचं प्रोजेक्ट एका परदेशी क्लायंटचं आहे, जमिनीखालच्या कोळसा खाणींसाठी. आत आग लागली, वायू पसरला की बाकीचे बाहेर पळतात आणि बचाव पथक आत शिरतं. त्या पथकाच्या नोंदी ठेवायच्या... कुणाची मेडिकल कधी झाली, सराव कधी झाला, श्वासाचं उपकरण कुणी तपासलं, सही कुणाची. नोंद नसेल तर तो माणूस तयार नाही, असं धरायचं. संपला विषय.

त्यात एक प्रश्न होता, ‘आज दाढी केलेली आहे का? हो/नाही.’ आमचा निखिल म्हणाला, “हे काय, सलून आहे का? काढून टाकू या!” सगळे खो खो हसलो. क्लायंटकडच्या बाईंनी कॉलवर शांतपणे सांगितलं, की मास्कची कड थेट कातडीवर बसावी लागते. मध्ये खुंट असले तर बाहेरचा वायू आत येतो आणि त्या वायूला वासही नसतो... कळायच्या आत माणूस कोसळतो.

माझं हसू तिथेच थिजलं.

कारण माझा धाकटा भाऊ संदीप विदर्भातल्या एका खाणीत आहे आणि तिथल्या बचाव पथकातही आहे. आदल्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याची दाढी बघून मी “काय बुवा, मठ कधी काढताय?” म्हणून चिडवलं होतं.

दाढी आईने वाढवायला लावलेली. आई माझ्याकडे विश्रांतवाडीला असते. पोरगा रोज जमिनीखाली उतरतो म्हणून तिचा जीव सतत टांगणीला. यंदा तिने त्याला गळ घातली, “मी सोमवार करते, तू श्रावणभर दाढी करू नकोस. महादेव सांभाळेल.” त्याने मुकाट्याने ऐकलं. म्हणजे त्याच्या जिवासाठी पाळलेला नेमच त्याच्या जिवावर... छे, मला त्या मीटिंगमध्ये पुढचं काही ऐकूच आलं नाही.

बाहेर येऊन त्याला फोन लावला. बंद. तो खाली असला की बंदच असतो, मला माहीत आहे, तरी लावत राहिले. संध्याकाळी लागला तर साहेब आरामात, “अगं ताई, पट्टा जरा घट्ट ओढला की बसतो मास्क. पुढचा सराव श्रावण संपल्यावरच आहे. काही होत नाही.”

मी म्हटलं, आग काय पंचांग बघून लागते का रे? तर म्हणे, “आईला तू सांग मग. मी नाही तिचं मन मोडणार.” आणि ठेवला फोन!

मला तर डोळ्यांपुढे त्याच्या खाणीतलं रजिस्टर दिसत होतं. शेवटचा सराव श्रावणाआधीचा, म्हणजे कागदावर हा एकदम ‘तयार’. काही झालं तर पहिल्यांदा यालाच बोलावतील... आणि हा जाईलही, गाढव.

आईला सांगायची हिंमत होईना. सोमवारी तिच्या उपासाच्या ताटासमोर बसले, तोंड उघडलं आणि “भगर छान झालीये” म्हणाले. ऑफिसात बग सापडेनात, घरी दूध उतू जाई. शेवटी बुधवारी संध्याकाळी ती शेंगा सोलत होती, तेव्हा एका दमात सगळं ओकले. मास्क, खुंट, वायू... सगळं.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, “हे तुला सोमवारी कळलं आणि आज सांगतेयस? मुहूर्त काढत होतीस का? लाव फोन त्याला.”

पलीकडे तो “आई, पण तूच म्हणाली होतीस...” करायला लागला.

“मी म्हणाले होते ते तू धड राहावास म्हणून. आत्ताच्या आत्ता दाढी कर. महादेवाच्या जटांचं ठीक आहे, त्याला मास्क लावून आत शिरायचं नसतं.”

आणि तिने खरंच त्याला कॅमेऱ्यासमोर दाढी करायला लावली! चष्मा लावून बघत होती. “हनुवटीखाली राहिलंय... डावीकडे वळ.” आमच्या क्लायंटनेसुद्धा इतकी कडक तपासणी केली नसती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

आता रोज सकाळी त्याच्या शिफ्टआधी तिचा फोन जातो. आणि ऑफिसात तो प्रश्न राहिला आहे, मी निखिलला हात लावू दिला नाही.

मला वाटलं, मिटलं. पण काल आई भाजी घेऊन आली, तर पाय धुळीने माखलेले, एका टाचेला खडा लागून रक्त आलेलं. चप्पल दाराशी तशीच, जागची हललेली नाही. मी ओरडले, चप्पल विसरलीस की काय?

“विसरले नाही. त्याची दाढी गेली ना... मग त्याच्या वाटणीचं कुणीतरी पाळायला नको?”

टबात कोमट पाणी आणलं, तिचे पाय त्यात ठेवले आणि खाली बसून टाच धुतली. अशी आई आम्हाला मिळाली, आणखी काय लिहू...

संदीप फेसबुकवर नाही, ते एक बरं आहे. तुमच्यापैकी जे त्याला ओळखतात त्यांनी कृपा करून हे त्याच्या कानावर घालू नका. परत दाढी वाढवेल.