जाऊबाईंचं पिवळं प्रोटीन

आपल्या वैऱ्याला आमच्या थोरल्या जाऊबाईंइतका जीव लावणारं माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचं नाही. वैरी म्हणजे क्षयाच्या जंतूतलं एक प्रोटीन. जाऊबाई कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतात आणि कित्येक वर्षं या एकाच प्रोटीनच्या मागे आहेत. घरात त्याचा उल्लेख 'ती' असाच होतो. "आज ती जरा बरी वागली," असं त्या जेवताना म्हणाल्या, की पाहुणे माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. 'ती' का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घर सांभाळते म्हटल्यावर बाईच असणार की."

हे घर सांभाळणं त्यांनी मला स्वयंपाकघरात, शेंगदाणे भाजता भाजता समजावलं. आपल्या शरीरातल्या रक्षक पेशी जंतूला गिळतात आणि त्याच्यावर जाळणारी रसायनं सोडतात. त्यात तो होरपळून मरायला हवा. पण ही बया आत बसून आग विझवत राहते. "हिचे हात बांधले ना, की मेलाच तो," असं म्हणून त्यांनी उलथनं आपटलं, तोवर शेंगदाणे करपले होते. आम्ही ते तसेच खाल्ले.

कुणी खोकलं की जाऊबाईंचे कान टवकारतात. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांना त्यांनी भर पंगतीत गाठलं आणि किती दिवसांचा खोकला, थुंकी तपासली का, अशी चौकशी सुरू केली. काकांच्या घशात फक्त जिलबीचा पाक अडकला होता. प्रयोगशाळेतली थंड खोली सोडून घरी येताना त्या स्वेटर काढायला विसरतात. मे महिन्यात, डांबर वितळत असताना, त्या स्वेटर घालून भाजी घेत होत्या. भाजीवाली काळजीने म्हणाली, "बाई, ताप हाय का?" जाऊबाईंचं माहेर सांगोल्याकडचं. त्या म्हणाल्या, "ताप न्हाय, प्रोटीन हाय." त्या बाईने कोथिंबीर फुकट दिली.

गेल्या उन्हाळ्यात ती एकदाची शुद्ध स्वरूपात हाती आली. निरुपद्रवी जंतूंकडून बनवून घेतलेली, पिवळीधमक. आणि त्याच दुपारी कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर उडाला. जाऊबाईंचा मला फोन आला, "स्कूटर घेऊन ये, ती मरते." मी धावले. थर्मासची पेटी मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या आणि आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथले म्हातारे चाचा पेटीकडे बघून म्हणाले, "इसमें क्या है बाई?" जाऊबाईंनी क्षयाचं नाव काढताच ते दोन पावलं मागे सरले. "जंतू नाही हो चाचा, त्यातलं एक प्रोटीन. यानं कुणाला काही होत नाही." चाचांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या हाताने बर्फ फोडायला घेतला. वीज येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

ती जगली. मग परीक्षा. त्या दिवशी डबा द्यायला गेलेली मी प्रयोगशाळेतच थांबले. नळीत प्रोटीन इतकं थोडं घालतात की त्याचा स्वतःचा रंग दिसत नाही, पण ते काम करत असलं की द्रावण पिवळं होतं. एखाद्या रसायनाने तिचे हात बांधले, तर ते तसंच नितळ राहतं. वेगवेगळी रसायनं घातलेल्या सगळ्या नळ्या एकामागून एक पिवळ्या पडत गेल्या. एकच नितळ राहिली.  जाऊबाईंनी प्रयोग पुन्हा केला. पुन्हा नितळ. पण आपल्या शरीरातही तिची एक लांबची बहीण असते, तिला धक्का लागून चालणार नव्हतं. म्हणून तेच रसायन त्या बहिणीत घातलं. द्रावण हळदीसारखं पिवळं झालं. "आपली चालतीय," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तिचीच तेवढी अडली. बघ की." आणि पन्नाशी उलटलेल्या आमच्या जाऊबाईंनी माझे हात धरून प्रयोगशाळेत फुगडी घातली.

पुढे हैदराबादच्या एका बंदिस्त प्रयोगशाळेत ते रसायन खऱ्या जंतूवर वापरलं गेलं. जंतू मेले. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी गल्लीत, कॉलेजात आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्यांनाही पेढे वाटले. प्राचार्यांना बळेच दोन खायला लावले. शेवटी आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ये दवा कब मिलेंगी बाई? हमारी बहू को वोच बीमारी है. गोलियाँ लागू नहीं होतीं बोले डॉक्टर. अब दुसरी चालू किए."

कुणालाही न थांबता उत्तर देणाऱ्या जाऊबाईंनी आधी पेढ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चाचा, हे अजून औषध नाही. आधी उंदरांवर, मग माणसांवर. बरीच वर्षं जातील. कदाचित जमणारही नाही. सुनेच्या आताच्या गोळ्या मात्र चुकवू नका."

चाचांनी मान हलवली. पेढा अर्धा मोडून खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "उसकू बोलता मैं," ते म्हणाले, "कोई तो लगे हुए हैं करके."

परतताना जाऊबाई माझ्यामागे नुसत्या बसून होत्या. त्यांनी प्रोटीनबद्दल काहीतरी बोलावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.