कंपनीच्या पिशवीवरचा नंबर

माझी खानावळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. रस्त्यापलीकडे त्या मोठ्या फायनान्स कंपनीचं काचेचं ऑफिस. गावोगावच्या गिऱ्हाइकांचे फोन तिथे येतात आणि पोरं कानाला यंत्र लावून ते घेतात. बारावी झालेल्यांना उमेदवारीवर ठेवतात. काम करता करता तीन वर्षांत पदवी मिळते, वर पगारही. उर्वशी त्यातलीच. महागावकडच्या श्रावणभाऊंची एकुलती एक पोर.

पहिला महिना तिला बोलायलाच शिकवलं. जशी काही एवढी वर्षं मुकीच होती! 'मले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं. समोरचा रडो की शिव्या देवो, आपला आवाज हलू द्यायचा नाही. सराव ती माझ्यावर करायची. ताट पुढे आलं की म्हणायची, "बेबीताई, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो. भांडे घास," मी म्हणायची. हसता हसता तिला ठसका लागायचा.

तिची आई तुळसाबाई मला कधीमधी फोन करायच्या. विचारायचं एकच, "जेवते का नाई थे धड?" उर्वशी वैतागायची. म्हणायची, "ताई, आईले दुसरं काही इचारताच येत नाही." पण दिवाळीत कंपनीने दिलेली कापडी पिशवी तिने आईलाच नेऊन दिली. पिशवीवर कंपनीचं नाव आणि खाली मोठ्या आकड्यांत नंबर. तुळसाबाई ती पिशवी घेऊन बाजारात अशा फिरायच्या, जशी कंपनी त्यांचीच.

कापूस वेचताना तुळसाबाईंच्या छातीत कळ आली ती मार्गशीर्षात. श्रावणभाऊंनी त्याच पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि त्यांना महागावच्या दवाखान्यात नेलं. दुपारी तिथून पोरीला फोन लावला, लावतच राहिले. पण कामाच्या वेळी पोरांचे फोन कुलपात असतात. माझा नंबर तुळसाबाईंच्या फोनात होता आणि तो फोन राहिला घरी. मग भाऊंना पायाशी पडलेली पिशवी दिसली. पोरगी कंपनीत फोनच तर उचलते. त्यांनी पिशवीवरचा नंबर लावला.

संध्याकाळी उर्वशीने कुलूप उघडलं आणि फोन पाहून धावतच बसस्टँडवर गेली. बस वाटेतल्या आर्णीला पोचली तेव्हा तुळसाबाई गेल्या होत्या.

तेरवीला मी गेले होते. श्रावणभाऊ म्हणाले, "म्या कंपनीत फोन केलता ना, ताई. पोरगा लय चांगला बोलला. अहो-जाहो केलं. म्हणे, नोंद घेतली. मंग मी दुसऱ्या कोनाले कायले फोन करू? हिले सांगतलं, निरोप गेला, येऊन राह्यली पोरगी." कंपनीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मलाच चीड आली, ती कुणावर काढावी ते कळेना.

उर्वशी कामावर परतली. शनिवारच्या वर्गात या पोरांना रेकॉर्ड केलेले फोन ऐकवतात. चांगलं कसं बोलावं ते शिकायचं आणि गुण द्यायचे. त्या शनिवारी विषय होता, कामाबाहेरचा फोन नम्रपणे कसा संपवावा. शिकवणाऱ्या बाईंनी कळ दाबली आणि खोलीभर श्रावणभाऊंचा आवाज आला.

"माही पोरगी तुमच्याइथंच फोन उचलते. उर्वशी. तिले द्या ना जरा. तिची आई दवाखान्यात हाय."

कोण कुठे काम करतं ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे. तो फोन घेणारा ऋतिक कंपनीत नवा होता, शिकवलं तसंच बोलला. "आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील. आपला दिवस शुभ असो." त्याला दहापैकी दहा मिळाले होते.

श्रावणभाऊंना फोन लगेच बंद करता आला नव्हता. मागून तुळसाबाईंचा बारीक आवाज आला, "लागला काय? तिले म्हणा, घाई नोको करू. जेवली का, इचारा."

तिथे फोन तुटला.

उर्वशीने हात वर केला आणि शिकवलेल्या त्याच आवाजात म्हणाली, "मॅडम, पुन्हा एकदा लावता का?" बाई बाहेरून यायच्या, पोरांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, मुलगी मन लावून शिकते. त्यांनी पुन्हा लावलं. रेकॉर्ड झालेला आवाज मागून घेता येत नाही, तो कंपनीचा असतो. काही दिवसांनी पुसूनही टाकतात म्हणे.

हे सगळं तिने मला ताटावर बसून सांगितलं. एक घास खाल्ला नाही. ऋतिक कोपऱ्यातल्या टेबलावर तोंड झाकून रडत होता. त्याला काय बोलणार, तोही कुणाचं तरी पोरच.

तुळसाबाई गेल्या त्या दिवशी उर्वशी जेवली होती. ड्युटीवर जायच्या आधी इथेच बसून जेवली. वांग्याची भाजी होती, तिने दुसऱ्यांदा मागून घेतली. तुळसाबाई विचारत होत्या तेव्हा मी इथेच होते, रस्त्याच्या अलीकडे, आणि माझा फोन गल्ल्यावर पडला होता.